चाती सरळ करून मिळेल

मंगळवारी सकाळी अकरा वाजता, रोजच्यासारखं आर्वी नाक्यावरच्या नीलेशच्या सायबर कॅफेत चार नंबरच्या खुर्चीवर बसून प्रभाकररावांनी शोधाच्या चौकटीत तेच तीन शब्द टाईप केले, चरखा, स्पिंडल, रिपेअर, आणि कोकिळा आली नाही. पहिल्या ओळीत तिचं नाव असायचं. निळ्या अक्षरात, खाली रेघ, आणि त्याखाली दोन ओळींत वर्धा, महाराष्ट्र, फोन नंबर. आज तिथे कुठल्याशा सूतगिरणीला सुटे भाग पुरवणारी कंपनी होती. त्यांना वाटलं, आपलंच काही चुकलं. चष्मा पुसला, शब्द पुन्हा टाकले, एकेक अक्षर बोट टेकवून. पुन्हा तीच कंपनी. मग दुसऱ्या पानावर गेले, तिसऱ्या, सातव्या. बाराव्या पानानंतर चरख्याचे फोटो, शाळेचे निबंध, लाकडी खेळणी विकणारे कोणी, असं काहीही यायला लागलं. विसाव्या पानावर त्यांचा हात माऊसवर तसाच राहिला. कूलर ढणढण चालू होता, बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, शेजारच्या खुर्चीवरची मुलगी रेल्वेभरतीचा फॉर्म भरत होती, आणि त्यांना मोठ्यानं विचारावंसं वाटलं की इथे एक बाई होती, कुठे गेली?

कोकिळाबाई, त्यांच्या पत्नी, जानेवारीत गेल्या होत्या. संक्रांतीच्या नंतर चौथ्या दिवशी. हे वर्ध्यात सगळ्यांना माहीत होतं. दूधवाल्याला, किराणेवाल्याला, समोरच्या घरातल्या चार वर्षांच्या पोराला. त्यामुळे प्रभाकररावांना ते कोणाला सांगावं लागलं नव्हतं. हैदराबादची लेक वर्षाली तर शेवटचा आठवडा इथेच होती. भावकीला तिनंच फोन केले. रस्त्यात भेटणारा माणूस आधीच तोंड पाडून उभा असायचा, हात हातात घ्यायचा, आणि प्रभाकरराव नुसती मान हलवायचे. असे चार महिने गेले. पण वर्ध्याच्या बाहेर, जिथे जिथे कोणी ते तीन शब्द टाईप करत होतं, तिथे तिथे कोकिळा चरख्याच्या चात्या सरळ करत बसलेली होती. जबलपूरला होती, मदुराईला होती, श्रीनगरला होती. तिला काही झालेलंच नव्हतं. प्रभाकरराव रोज अकरा वाजता जाऊन ते बघून यायचे. पहिली ओळ बघायची, दहा मिनिटं बसायचं, उठायचं. यापेक्षा जास्त काही करत नव्हते. पण तेवढ्यावर दिवस निघत होता.

नीलेश काउंटरवरून उठून मागे येऊन उभा राहिला. तिशीतला माणूस, कानात पेन खोचलेला. कोकिळाच्या कामाचं इंटरनेटवरचं पान त्यानंच बनवून दिलं होतं, गेल्या वर्षी.

"काय झालं काकाजी?"

"नाई दिसून राह्यली."

नीलेशनं वाकून दोन-तीन बटणं दाबली. मग जीभ टाळ्याला लावून आवाज केला. "सर्चवाल्यायनं उडवलं. पूर्णच काढून टाकलं पान."

"काऊन?"

"ते गावाईचे नावं टाकले नं आपण, पांढऱ्यावर पांढरे. ते लपवलेलं चालत नाई त्यायले. पयले चालत होतं, आता पकडून राह्यले सगळ्याइले. माह्या एका लॉजवाल्याचं बी गेलं." मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तो म्हणाला, "टेन्शन नका घेऊ. काढून टाकू, अर्ज करू, येते परत. दोन महिने लागन."

आपण, असं नीलेश म्हणाला. गावं त्यानं टाकली नव्हती. प्रभाकररावांनी टाकली होती, एकट्यानं, एकेक करून.

प्रभाकररावांची सारी नोकरी रेल्वे डाकेत गेली. वर्धा स्टेशनवर टपाल लावणारा सॉर्टर. समोर लाकडी खणांची भिंत, हातात पत्रांचा गठ्ठा, आणि प्रत्येक पत्र कोणत्या गाडीनं कोणत्या थैलीतून जायचं ते डोक्यात. दरवर्षी त्याची परीक्षा व्हायची. कोणतं पोस्ट कोणत्या पोस्टाखाली येतं, कोणत्या फाट्यावर गाडी बदलते, पिन कोड काय. पत्त्यावरून नजर फिरायची आणि हात आपोआप खणाकडे जायचा. पस्तीस वर्षांत सारा देश त्यांच्या डोक्यात बसला होता, आणि त्यातलं नागपूर, अकोला आणि एकदा तिरुपती सोडलं तर त्यांनी काहीही पाहिलं नव्हतं. कोकिळा आष्टीची. तिचे वडील अण्णाजी खादीच्या कारखान्यात चरखे जोडायचे आणि पोरीला तेरा वर्षांची असताना त्यांनी चात्या हाती दिल्या. चाती म्हणजे चरख्याची वीतभर पोलादी सळई, जिच्यावर सूत गुंडाळलं जातं. केसाएवढी वाकली तरी थरथरते आणि धागा तुटतो. ती सरळ करणं दिसायला सोपं. लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवायची, लहान हातोडीनं टिचकी मारल्यासारखं ठोकायचं. पण कुठे ठोकायचं आणि किती, ते कोकिळाला अंगठ्याच्या नखावर कळायचं. नखावर टोक टेकवून ती चाती फिरवायची, डोळे भलतीकडेच, खिडकीबाहेर, आणि मग एकच ठोका. लग्नानंतर आश्रमातून, शाळांमधून चात्या यायला लागल्या, हातोहात. मग कोणीतरी परगावी पत्ता दिला आणि टपालानं यायला लागल्या. वेळूच्या नळकांडीत, पुठ्ठ्यात, एकदा तर कोणी पोकळ केलेल्या उसाच्या कांडीत पाठवली होती आणि मुंग्यांनी घर भरलं होतं. ती पाकिटं प्रभाकररावांच्या हाताखालून जायची. ड्यूटीवर असताना खणाकडे जाणारा हात थांबायचा आणि ते बाजूच्याला म्हणायचे, हे माह्या घरचं हाय. त्यातला अभिमान त्यांना कळायचा. कोकिळाला तो कधी सांगितला नाही.

सेवेतून निवृत्त झाल्यावर हाताला खण राहिले नाहीत. नीलेशनं पान बनवलं, तेव्हा त्यांना त्यात पुन्हा काहीतरी लावण्याजोगं दिसलं. नीलेश सहज बोलून गेला होता, "मानूस आपल्या गावाचं नाव टाकून शोधते काकाजी. पानावर त्याच्या गावाचं नाव असलं तं पान वर येते." दुसऱ्या कोणी पाचपंचवीस शहरं टाकली असती. प्रभाकररावांनी देश टाकायला घेतला. कोणत्याही यादीतून नाही, डोक्यातून, गाड्यांच्या क्रमानं. हावडा-मुंबई मार्ग, मग ग्रँड ट्रंक, मग फाटे, मग फाट्यांचे फाटे. प्रत्येक ओळ तीच, चाती सरळ करून मिळेल आणि पुढे गावाचं नाव आणि पिन. हिंदीत आणि इंग्रजीत. नीलेशनं ती अक्षरं पांढरी करून टाकली, नाहीतर पान वाचणाऱ्याला वेड लागलं असतं. त्यांना ते योग्यच वाटलं. सॉर्टरचं काम कुठे कोणाला दिसतं?

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला त्यांनी हे सुरू केलं, आणि तेव्हाच कोकिळाच्या किडन्या गेल्याचं कळलं होतं. मंगळवार-शुक्रवार सावंगीच्या दवाखान्यात डायलिसिस. तिथे प्रभाकरराव चार-चार तास बाकावर बसायचे, त्यात त्यांनी कसूर केली नाही. पण उरलेले पाच दिवस, ती घरी असायची तेव्हा, ते अकरा वाजता चप्पल घालायचे. ती बाजेवर पडल्या पडल्या म्हणायची, "आवो, आज कायले जाता? बसा न अठी." ते म्हणायचे, "दोन तासात येतो. तुह्यंच काम हाय." हे वाक्य त्यांना आता आठवायचं नव्हतं, म्हणून ते रोज आठवायचं. तुह्यंच काम हाय. तिच्या डाव्या मनगटापाशी डायलिसिससाठी शीर जोडून दिली होती. तिथे बोट ठेवलं की आत सारखी घरघर लागायची, गिरणीच्या भिंतीला हात लावल्यासारखी. तो हात चाती फिरवायचा. एकदा तिनं चाती खाली ठेवली आणि म्हणाली, "चाती थरथरते का माहा हात थरथरते, समजतच नाई." प्रभाकरराव तेव्हा हिशेब लावत होते की खांडव्यानंतर भुसावळचा फाटा घ्यायचा की आधी इंदूरकडे वळायचं. ते म्हणाले, "आराम कर थोडा." आणि गेले. त्यांना खरंच वाटत होतं की वर चढलेलं नाव बघून ती उठून बसेल. माणूस हरलेलं असलं की त्याला जिंकल्याची बातमी आणून द्यावी, एवढीच त्यांची समजूत. दिवाळीच्या आठवड्यात ते नाव खरोखरच पहिलं आलं. ते उन्हातून जवळजवळ पळत घरी आले होते.

"कोकिळा, तू देशात पयली आली."

"कायात?"

"चात्याईत."

तिला हसू आलं, खोकला येईपर्यंत. "आन दुसरी कोन हाय वो? तिले बिचारीले सांगा, माह्या बी कराच्या हाय म्हना दोन-चार."

ते हसले नाहीत. त्यांना थोडा रागच आला होता. आणि गंमत अशी की पहिला नंबर आल्यावर पाकिटं वाढायच्या ऐवजी कमी झाली. दिवाळीनंतर आठवड्याला एखादं, मग तेही नाही. प्रभाकररावांनी विचार केला आणि त्यांना वाटलं, गावं कमी पडतात. मग ते दोन तासांऐवजी तीन तास बसू लागले.

नीलेशनं पान उघडलं आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "हे पूर्ण निवडा काकाजी. खालपासून वरपर्यंत ओढा माऊस. मंग डिलिट मारा." पानाच्या खाली पांढरी, रिकामी जागा होती, लांबच लांब. प्रभाकररावांनी बटण दाबून धरलं आणि ओढलं, आणि रिकाम्या जागेत निळा पट्टा चढत गेला आणि त्या निळ्यावर गावं उभी राहिली. हे असं दिसेल, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. इटारसी, पिपरिया, गाडरवारा, नरसिंहपूर. त्यांना गावं दिसत नव्हती, दिवस दिसत होते. गाडरवारा टाकलं त्या दिवशी तिला उलट्या होत होत्या आणि शेजारच्या प्रमिलाबाई तिच्याजवळ बसल्या होत्या. बिलासपूर ते रायगढ झालं त्या दिवशी ती चांगली होती, तिनं स्वतः उठून भाताला फोडणी दिली होती, आणि ते घरी पोचेपर्यंत ती जेवून झोपली होती. विजयवाड्याखालची पोस्टं दोन दिवस चालली, ते दोन दिवस काय झालं ते त्यांना आठवतच नव्हतं. म्हणजे घरी तिचे दोन दिवस गेले आणि त्यातलं त्यांच्यापाशी काहीही नव्हतं, फक्त गुडिवाडा, तेनाली, बापटला. निळा पट्टा चढतच होता. अकराशे चाळीस गावं. तिच्या शेवटच्या चार महिन्यांतले दोन-अडीचशे तास त्यांनी इथे, पांढऱ्यावर पांढरे लिहिले होते.

"मारा डिलिट," नीलेश म्हणाला.

त्यांनी मारलं. जागा पुन्हा रिकामी झाली, पहिल्यासारखीच दिसत होती.

मग नीलेशनं अर्ज उघडला. इंग्रजीत होता. तो वाचून सांगत गेला. पानावर काय चुकीचं केलं होतं, ते लिहायचं. आता काय दुरुस्त केलं, ते लिहायचं. ते त्यानंच भराभर टाईप केलं. शेवटी एक लहान चौकट होती, तिच्यापुढे एक ओळ.

"हे काय म्हनते?"

"म्हनते का पानावर आता जे लिहून हाय ते सगळं खरं हाय. वाचनाऱ्याले फसवत नाई. टिक करा अन पाठवून देऊ."

प्रभाकररावांनी पानाकडे पाहिलं. अर्जाच्या मागे ते अर्धं दिसत होतं. कोकिळाबाई स्वतःच्या हाताने चाती सरळ करून देतात. देशात कुठूनही टपालाने पाठवा. आठ दिवसांत परत. तिचा फोटो, मोतिया साडीतला, नीलेशनंच काढलेला, नखावर चाती टेकवलेली आणि नजर भलतीकडे.

"काकाजी?"

"थांब जरा."

"अवो, टिक तं करा. कोन पाहून राह्यलं? मशीन हाय ते." मग नीलेशच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यानं कानातला पेन काढून पुन्हा खोचला. "उद्या करा मंग," तो म्हणाला. "घाई नाई."

घराकडे येताना त्यांना सावली सापडत नव्हती, किंवा सापडत असून ते तिच्यात जात नव्हते. त्या चौकटीचा त्यांना एवढा राग का यावा? कोणी विचारलं नव्हतं तोवर ते खोटं नव्हतं. फोन यायचे, फेब्रुवारीत, मार्चमध्ये. ते म्हणायचे, बाईचं काम सध्या बंद आहे. हे खरंच होतं. बंद होतं. तरीही सात पाकिटं आली. पहिलं त्यांनी स्वतः करायला घेतलं. ठोकळा, हातोडी, सगळं जागच्या जागी होतं. नखावर टोक टेकवून फिरवलं तेव्हा नखाला नुसती टोचणी लागली, बाकी काही कळेना. चाळीस वर्षं ते शेजारी बसून चहा प्यायले होते, पण हे कसं करायचं असतं, असं तिला एकदाही विचारलं नव्हतं. एक ठोका मारला आणि चाती उजेडात धरली तर ती डोळ्यांनाही वाकलेली दिसायला लागली. त्यांनी घाबरून बाजारातून नवी चाती आणून पाठवून दिली. बाकीच्यांना हात लावला नाही. पाकिटातून काढायच्या, पुसायच्या, आणि कोकिळा लिहायची तशी चिठ्ठी घालून परत पाठवायच्या. चाती तपासली. सरळ आहे. खाली तिची सही, नुसतं ‘को’. पस्तीस वर्षं लोकांची पत्रं हाताळली, कधी कोणाचं पाकीट उचकलं नाही, आणि आता बायकोची सही करत होते. पण ती सही करताना हात जरासुद्धा कचरला नाही, उलट बरं वाटलं होतं. तिनं आज काम केलं, असं वाटलं होतं.

त्या सातांपैकी एक परत आली होती. शनिवारीच आली होती आणि कोनाड्यात पडून होती. त्यांनी घरी येऊन, पाणी पिऊन, ती उघडली. राजनांदगावचे प्रेमदास. हे नाव त्यांना ठाऊक होतं, पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक, शाळेत सूतकताई शिकवून निवृत्त झालेले. हिंदीत चार ओळी होत्या, चातीला तिकडे तकुआ म्हणतात. बहनजी, शायद कोई भूल हुई, तकुआ अब भी काँपता है। आपके हाथ से ऐसा कभी हुआ नहीं। इसलिए काम की नहीं, आपकी चिंता हो रही है। तबीयत कैसी है, लिखिएगा।

रात्री त्यांना वाटलं होतं की सकाळी उठलो की ठरलेलं असेल, पण सकाळीही काही ठरलेलं नव्हतं. अकरा वाजता ते नीलेशकडे गेले. खुर्चीत बसले नाहीत, काउंटरपाशीच उभे राहिले.

"लिहून टाक पानावर," ते म्हणाले. "कोकिळाबाई जानेवारीत गेल्या. चात्या पाठवू नका. एवढंच लिहिजो."

नीलेशनं मान खाली घातली. "लिहितो काकाजी. पन सांगू का, आता लिहून फायदा नाई. पान कोनालेच नाई दिसत. तुमी अन मी सोडून कोनी वाचनार नाई. पयले अर्ज करा, पान वर येऊ द्या, मंग लिहू."

"म्हंजे ते पयले खोटं खरं हाय म्हनाचं, अन मंग खरं लिहाचं?"

"तसं नाई, पन..." नीलेश थांबला. "हो, तसंच झालं ते."

"लिहून टाक तू. अर्ज राहू दे."

"मंग ते वरते येनारच नाई कधी."

"नको येऊ दे."

बोलून गेले. त्यांनी काउंटर धरला. नीलेशनं खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत, कारण बसले असते तर म्हणाले असते, थांब, नको, करून टाक टिक. ते बाहेर पडले. ज्यांना सांगायचं होतं त्यांना आता एकेकालाच सांगावं लागणार होतं. कोकिळाच्या वहीत नावं होती, नंबर होते. घरी येऊन त्यांनी वही फोनपाशी ठेवली, पंखा लावला, आणि प्रेमदासचा नंबर फिरवला. घंटी वाजत होती तोवर त्यांनी मनात मराठीत वाक्य जुळवलं, मग ते मोडलं. हे वाक्य त्यांनी आजवर कोणालाच म्हटलेलं नव्हतं.

"हलो, कौन?"

"वर्धा से बोल रहा हूँ. कोकिळाबाई के यहाँ से."

"अरे भाईसाहब! कहिए, कहिए. मेरा पार्सल मिला? बहनजी कैसी हैं?"

"बहनजी नहीं रहीं," प्रभाकरराव म्हणाले. परक्या भाषेत ते निघालं. "जनवरी में गईं."

पलीकडे कोणाचा तरी रेडिओ चालू होता. तो बंद झाला. प्रेमदास बोलले तेव्हा आवाज म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. "तो मार्च में वो चिट्ठी?"

"मैंने लिखी थी. तकुए को हाथ भी नहीं लगाया था. उनका नाम लिख दिया. माफ करना."

"नहीं, नहीं. गलती मेरी ही है. मुझे भेजना ही नहीं था. उन्होंने तो मना किया था मुझे."

"किसने?"

"बहनजी ने. दिवाली के आसपास फोन किया था मैंने. बोलीं, भैया, अब मेरे हाथ से नहीं होता, हाथ में मशीन बैठ गई है. यहाँ मत भेजना, और जिन-जिनको मेरा पता दिया है, उनको भी बोल देना. मैं सबको यही बोल रही हूँ." प्रेमदास थांबले. "फिर बोलीं, हमारे इनको मत बताना. वो मेरा नाम ऊपर चढ़ाने में लगे हैं. खुश हैं. उनको लगे रहने दो. मैंने फिर मार्च में पोते से कंप्यूटर में दिखवाया, सबसे ऊपर नाम था. मैंने सोचा, ठीक हो गई होंगी."

प्रभाकररावांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. बाजेच्या शेजारीच फोन होता. ते अकरा वाजता चप्पल घालून गेले की ती इथून, पडल्या पडल्या, हात पोचेल एवढ्या अंतरावरून, एकेकाला नको म्हणत होती. आणि पाकिटं कमी आली म्हणून ते आणखी तासभर बसत होते. त्यांना वाटलं, आता आपल्याला रडू येईल, पण आलं नाही.

"खुश हैं, ऐसा बोलीं?"

"हाँ. हँसके बोलीं."

"और क्या बोलीं?"

"और तो कुछ नहीं, भाईसाहब. फिर तकुए की बात हुई. मैंने पूछा, अब मैं किसके पास जाऊँ, तो बोलीं, खुद करो, मैं बताती हूँ. बहुत देर बताती रहीं. मुझसे हुआ नहीं, वो अलग बात."

"वही बताओ."

"तकुए का?"

"हाँ. जैसे उन्होंने बोला, वैसा ही."

प्रेमदास खाकरले. आठवत असावेत. प्रभाकरराव बाजेच्या कडेवर बसले.

"बोलीं, मेरा तो नाखून का काम है, वो फोन पर नहीं सिखा सकती. तुम एक काँच लो. खिड़की का टूटा हुआ भी चलेगा, बस किनारा सँभालना, हाथ मत काट लेना. उस पर तकुआ रखो और उँगलियों से लुढ़काओ. दस-बारह बार. अभी ठोकना नहीं है, सिर्फ देखना है. मैंने कहा, क्या देखना है? तो डाँटने लगीं, पहले लुढ़काओ तो, मास्टर होकर इतनी जल्दी करते हो."

"फिर?" प्रभाकरराव म्हणाले.